फिशटँकच्या आड

घराचा नकाशा तिनं रंगीत खडूंनी रंगवला. वायफायची रेंज चांगली तिथं हिरवा, जेमतेम तिथं पिवळा, नाहीच तिथं लाल. मागची खोली लालभडक निघाली. नेमकी तिथूनच तिला आज संध्याकाळी ऑनलाइन गणिताचा पहिला तास घ्यायचा होता. चाचणीच्या तासाला आवाज तुटला होता, आणि पुन्हा तुटला तर तास दुसऱ्या कुणाला देऊ, असं शाळेनं गोड शब्दांत कळवलं होतं.

नवरा कंपनीला फोन लावून लावून थकला. काखेत कळसा नि गावाला वळसा. राउटर बैठकीच्या कोपऱ्यात, आणि त्याला खेटून सासऱ्यांचा भलामोठा फिशटँक. एवढं पाणी मध्ये आलं की रेंज पुढं सरकत नाही. राउटर हलवावा तर बाहेरून आलेली वायर तेवढीच. पण फिशटँकला सासूबाईसुद्धा हात लावत नसत. ही तर घरात नुकती आलेली. ती मूग गिळून बसली. नकाशा मात्र जेवणाच्या टेबलावर विसरली. मुद्दामच विसरली म्हणा ना.

दुपारी ती भाजी घेऊन परतली तर सासरे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बादल्या वाहत होते. नवरा रिकामा टँक ढकलत होता आणि सासूबाई ओली फरशी पुसता पुसता हसत होत्या. टँक मागच्या खोलीत, तिच्या खुर्चीच्या पाठीशी जाऊन बसला.

"अहो बाबा, कशाला एवढं?" ती ओशाळली.

"लाल रंग मलाही दिसतो," सासरे म्हणाले. "आणि माशांनाही जरा गणित येऊ दे."

संध्याकाळी आवाज खणखणीत गेला. पण पडद्यावरची पोरं अपूर्णांक सोडून तिच्या खांद्यावरून मागंच बघत होती. शेवटी एका चिमुरडीनं माशांची नावं विचारली. तिला कुठली ठाऊक? माशांना नावं आहेत हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. दाराशी घुटमळणारे सासरे मात्र खाकरून आत आले आणि काचेवर बोट ठेवून सांगू लागले. हा पोटोबा, हा आळशी, ही भांडकुदळ.

"आणि ती सोनेरी?"

"ती होय? ती सूनबाई. नवीनच आलीय. आल्या आल्या सगळ्यांना जागचं हलवलं."

पोरं खिदळली. तिला एकदम भरून आलं, आणि पुढचं उदाहरण सांगायला जरा वेळ लागला. रेंज मात्र पूर्ण होती.