डोकेदुखीवरचा मंत्र

मिरॉनला टक्कल पडू लागलं तसा त्याच्या जिवाला घोर लागला. इराण्यांविरुद्धच्या उठावाआधी मालकाने त्याचं डोकं भादरून त्यावर 'बंड करा' असं गोंदवलं होतं. केस वाढल्यावर हा गुप्त निरोप घेऊन तो मिलेटस या ग्रीक शहरात आला. बंड झालं, चिरडलं गेलं, मालकही मेला. गोंदण तेवढं टिकलं.

आज वेशीवर इराणी सरदार कपाळ चोळत एकेकाची टोपी उतरवत होता.

"टकल्या, हे काय लिहिलंय रे?" सरदाराला ग्रीक वाचता येत नव्हतं.

"डोकेदुखीवरचा मंत्र, हुजूर," मिरॉनने ठोकून दिलं. "गोंदवल्यापासून एकदा दुखलं असेल तर शपथ!"

सरदाराने शिरस्त्राण काढून वेशीवरच्या न्हाव्याला फर्मावलं, "माझ्या डोक्यावर हेच काढ."

न्हाव्याने घाम पुसत सरदाराचं डोकं भादरलं आणि सुई चालवली. शेवटचं अक्षर झालं तोच ग्रीक दुभाषा पोचला. "मंत्र नीट उतरलाय का बघ," सरदार म्हणाला. मिरॉनने डोळे मिटले.

दुभाष्याने आधी मिरॉनचं डोकं वाचलं, मग सरदाराचं. मग बराच खोकला.

"एक अक्षर चुकलेलं नाही, हुजूर. फक्त त्याला ऊन लागू द्या. गावातून उघड्या डोक्यानेच फिरत जा."