परातीतले बोल्ट

"मैथिली, बोट काढ घोड्यावरनं!" आबा गरजले, तशी पालथी पडून नेम धरलेली नात दचकली. रायफल क्लबात खंडेनवमीची पहिली गोळी तिनं झाडायची होती.

आबांनी काडतूस बाहेर काढलं. नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टवर एक नंबर, नळीवर भलताच. "परदेशातून आलेल्या फौजी रायफली या! जिचा बोल्ट तिलाच नेमका बसतो. कुणी केली ही सरमिसळ?"

"पूजेसाठी मीच सगळे एका परातीत धुतले, हाताला येतील तसे बसवले," सेक्रेटरी हसले. "कीर्तनात टाळ धरता आबा, अन् पूजेला नावं ठेवता?"

आबांनी नळीत काडतुसाहून किंचित लांब, जागा मोजायचं गेज सरकवलं. त्यावर बोल्ट मिटायला नको होता, अलगद मिटला. "बघा! एवढ्या सैल जागेत काडतुसाचं कवच फाटलं, की जाळ मागे तोंडावर! तुमचा आळस देवानं निस्तरायचा काय? या, मुहूर्ताची गोळी तुम्हीच झाडा!"

सेक्रेटरींचा हात रायफलीऐवजी स्वतःच्या गालाकडे गेला.

मैथिलीच्या गालाला रायफलीच्या दस्त्यावरचं पूजेचं कुंकू रक्तासारखं लागलं होतं. "पूस ते आधी!" आबा खेकसले, आणि तिचा हात उठायच्या आत स्वतःच पुसू लागले.