शेवटचा बुरूज

भर दुपारी राजवर्धन माडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. जुन्या चिनी राजघराण्यांच्या लढायांच्या गेमचा एक नवा मॉड, म्हणजे कुणा हौशी खेळाडूनं बदललेली आवृत्ती, त्यानं कालच उतरवून घेतला होता. त्यातला नियम साधाच होता. पहारेकऱ्याला शत्रू दिसला की त्यानं सरहद्दीच्या बुरुजावर धूर करायचा. तो बघून पुढच्या बुरुजानं करायचा. जो पहारेकरी चुकेल, त्याचं मुंडकं जायचं. राजधानीत धूर होईपर्यंत खेळणाऱ्याला मात्र शत्रू पडद्यावर दिसायचा नाही.

त्यानं पहिली चाल खेळली. उत्तरेच्या बुरुजावर धूर चढला.

खिडकीबाहेर, आष्ट्याच्या शिवारात, लांब उत्तरेला धुराची एक रेघ उठली. कुणीतरी तोडलेल्या उसाचं पाचट पेटवलं असेल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या चालीला दुसरी रेघ उठली, जरा अलीकडं. तिसरी तर ओढ्याच्या अल्याड उठली. तिथं ऊस अजून उभाच होता.

त्यानं झटक्यात लॅपटॉप मिटला. तरीही धुराचा वास आला, आणि तो गच्चीवरून येत होता.

तो धावत वर गेला. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले त्याचे आबा ओल्या गवताच्या धुमसत्या ढिगापाशी ताठ उभे होते.

"आवं आबा, ह्ये कशापायी पेटवलंय?"

"म्होरच्यानं धूर केला, म्हनून म्याबी केला. चुकलं तर काय हुतं, तुला ठावं हाय न्हवं?"

"पर येतंय कोन?"

"आता दिसंल की."

आबा शिवाराकडं बघतच नव्हते. ते त्याच्या पाठीमागं, जिन्याकडं बघत होते.