बेडूक, पुन्हा एकदा

बाबा कामासाठी दूरच्या शहरात गेले तेव्हा ती बालवाडीत होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते फोनवर तिला पावसाचं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवतात. पत्र्यावरची टपटप, डबक्यातलं डराँव डराँव, भिजलेल्या मांजरीचं केविलवाणं म्याऊ, सगळे आवाज अगदी जीव तोडून!

आजही ती खुदकन हसून म्हणाली, "बाबा, बेडूक पुन्हा एकदा!"

शेजारी बसलेल्या मैत्रिणीने कपाळावर हात मारला. "अगं, एवढी घोडी झालीस, दहावीत आहेस! आता पुरे म्हणून सांग ना त्यांना."

तिने फोनवर हात ठेवला.



"सांगितलं होतं एकदा. मग ते 'बाकी काय?' म्हणाले, आणि आम्हा दोघांनाही पुढे काही बोलायलाच सुचेना."