मण्यांचा जीव

वैदेहीनं स्टीलच्या नळकांड्यातले मणी ताटलीत काढले आणि कपाळाला हात लावला. महिन्यात तिसऱ्यांदा ते निकामी झाले होते. डेअरीतलं दूध त्यांच्यावरून वाहताना त्यातली कित्येकांना न पचणारी साखर फुटायची. मण्यांत अडकवलेलं एन्झाइम ते काम महिनोन्महिने करू शकायचं. फक्त कढत पाणी त्याला सोसत नसे.

"मामा, पुन्हा उकळतं पाणी सोडलंत?"

"स्वच्छ नको का ठेवायला?" खाशाबा शांतपणे म्हणाले. तीस वर्षं ते डेअरीतले पाइप असेच धूत आले होते. पाटी लावून झाली, आकृत्या काढून झाल्या, चारदा समजावून झालं. ते दर वेळी मान डोलवायचे.

आज तिचा संयम सुटला. "मारलंत तुम्ही त्यांना."

खाशाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे त्यांच्यात जीव असतो?"

एन्झाइमला जीव नसतो, हे सांगायला तिनं तोंड उघडलं, पण त्या आकृत्या आठवून मिटलं.

"असतो," ती चडफडत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवे मणी भरले. वाल्व उघडण्याआधी खाशाबांनी बादलीत पाणी घेतलं आणि बाळाच्या अंघोळीआधी बघतात तसं कोपर बुडवून पाहिलं.