खोल पाण्यातलं पळणं

सासूबाई पोहण्याच्या तलावात, छातीभर पाण्यात, शिडीचा दांडा घट्ट धरून उभ्या होत्या. कमरेला तरंगता पट्टा होता. तो आपल्याला तोलून धरेल यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

त्यांची लांब पल्ल्याची शर्यत पुढच्या महिन्यावर आली होती आणि नडग्या अशा ठणकत होत्या की जिना उतरतानाही भिंतीला धरावं लागे. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला, सासूबाईंनी ओठ आवळले, आणि तिथेच रस्त्यावरचं पळणं बंद झालं. शर्यत सोडायची नसेल तर खोल पाण्यात पळा, डॉक्टर म्हणाले. पाय टेकणार नाहीत, हाडांना मार बसणार नाही. पाण्याची भीती वाटते का, हे त्यांनी विचारलं नाही. सासूबाईंनीही सांगितलं नाही.

सून याच तलावावर पोहायला शिकवायची. ती घरात आली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण सासूबाई इथे आज पहिल्यांदाच येत होत्या. घरी दोघींचं बोलणं दूध आणि किल्ल्यांपुरतं. इथे मात्र सून सांगत होती आणि त्या निमूट ऐकत होत्या.

"आई, दांडा सोडा. माझा हात धरा."

त्यांनी धरला. पायाखालची फरशी संपली तशी त्यांनी डोळे घट्ट मिटले. गुडघे उचला, टाचा मागे न्या, रस्त्यावर पळता तसंच, सून सावकाश सांगत राहिली. आधी नुसती तडफड झाली. नाकातोंडात पाणी गेलं. सुनेने घाई केली नाही.

मग कधीतरी पायांना लय सापडली. नडग्या गप्प होत्या. सासूबाई पळत होत्या आणि काहीच दुखत नव्हतं. आधी त्यांना ते खरंच वाटेना. त्यांनी वेग वाढवून पाहिला, तरी दुखेना.

पलीकडचा काठ जवळ आला तसा त्यांचा मूळचा ताठा परतला.

"सोड आता मला. जमेल माझं मला."

"मी कुठे धरलंय, आई? तुम्हीच धरलंय."

सासूबाईंनी खाली पाहिलं. सुनेचा पंजा पाण्यात मोकळा उघडा होता. तिच्या मनगटाभोवती त्यांची बोटं रुतली होती.

त्यांनी पकड जराशी सैल केली. हात सोडला नाही. काठापाशी दोघी तशाच वळल्या आणि सासूबाई पुन्हा पळू लागल्या.