जुळणी

"आधी पडदा ओढा," सून म्हणाली. "समोरच्या टपरीवर सेनापतीची माणसं बसलीत."

प्रयोगशाळेतल्या बाईने पडदा ओढला आणि खुर्चीच्या कडेवर बसली. आपली गाडी तिने दूर चौकातच सोडली होती. गल्लीतल्या शिंप्याने सेनापतीविरुद्ध साक्ष द्यायला होकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचं दुकान जळालं, हे तिलाही ठाऊक होतं.

"दुखेल का?" म्हातारीने विचारलं.

"नाही, मावशी. गालाच्या आतून कापूस फिरवायचा, बस्स. वीटभट्टीमागच्या खड्ड्यातल्या हाडांना नावं मिळाली नाहीत, तर सेनापती कोर्टात म्हणेल, कोण मेलं ते तरी सांगा. आणि सुटेल."

"सुटू दे," सून म्हणाली. "आई, आपल्याला इथेच राहायचंय. उद्या दारावर दगड आले तर कोर्ट येणार आहे का झेलायला?"

"तुझं काय जातंय? मुलगा माझा आहे."

"नवरा माझा होता."

"होता! बघा, हिने कधीच उरकून टाकलंय त्याला."

मुलाला लष्कराच्या ट्रकमध्ये चढताना म्हातारीने पाहिलं, ते शेवटचं. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर रडू फुटलं असतं त्याला, असं ती सगळ्यांना सांगे.

"माझं पोर त्यात असेल, तर मूठमाती तरी देईन."

"जे जे सापडलंय त्या सगळ्याशी ताडून बघू," बाई म्हणाली.

म्हातारीने डोळे घट्ट मिटून तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. बाईने कापूस हातात तसाच धरून ठेवला. मोटरसायकल पुन्हा सुरू झाली, पुढे गेली. बाईने कापूस नळीत घालून झाकण लावलं, तेव्हा तिची बोटं घामाने ओली होती.

तपासणीचा निकाल आला त्या दिवशी गाडी थेट दारात उभी राहिली. बाईसोबत दोन पोलीस होते. त्यांना पाहून सुनेच्या जिवात जीव आला. निदान आता पहारा तरी मिळेल.

"जुळलं?" म्हातारीने विचारलं.

"जुळलं."

म्हातारी मटकन खाली बसली. रडता रडता हसली. "मेल्याने किती वाट पाहायला लावली! हाडं कधी देणार?"

बाई आत आली नाही.

"हाडांशी नाही, मावशी. खड्ड्यातल्या सगळ्यांचे डोळे चिकटपट्टीने बांधले होते. ती पट्टी ज्याने दातांनी तोडली, त्याच्या लाळेशी."